सीईओ तुमचा आहे, त्याला विचारा: अमळनेरच्या विप्रो भागधारकांना खुले पत्र

अमळनेर शहर आणि तालुक्यातल्या विप्रोच्या भागधारक बंधू-भगिनींनो,

स.न.वि.वि.

दरवर्षी जून-जुलैच्या सुमारास, आपल्याकडे पेरणीची धांदल चालू असते तेव्हा, तुमच्या नावाने कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस निघते. पूर्वी ती जाडजूड अहवालासोबत पोस्टाने घरी यायची. आता ती ईमेलवर येते आणि तो ईमेल बहुधा पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाचा नाहीतर भाच्याचा असतो. तो ती उघडत नाही आणि तुमच्यापर्यंत ती पोचत नाही. लाभांश खात्यात पडला की वर्षाचं काम झालं, असं आपण धरून चालतो. माझं पत्र त्या न उघडलेल्या नोटिशीबद्दल आहे. त्याचबरोबर ज्या माणसाच्या नेमणुकीला आणि पगाराला त्या नोटिशीतून वेळोवेळी तुमची मंजुरी मागितली जाते, त्या सीईओबद्दलही, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याबद्दलही आहे.

मी अमळनेरात कर आणि शेअरच्या कागदपत्रांची कामं करतो. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरच्या ट्रंका माझ्यासमोर उघडल्या गेल्या आहेत, म्हणून हक्काने लिहितो आहे.

प्रेमजींची गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड ही कंपनी, म्हणजे आजची विप्रो, काढली आणि तिचा कारखाना अमळनेरात उभा राहिला. भुईमूग खान्देशात भरपूर होता आणि सुरत-भुसावळ रेल्वे दारात होती. सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ नंबरचा कपड्यांचा साबण इथून निघायचा. गावातल्या नोकरदारांनी, व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी कंपनीचे शेअर घेतले आणि अनेकांनी ते पिढ्यान् पिढ्या धरून ठेवले. ऑगस्ट १९६६ मध्ये हाशम प्रेमजी वारले तेव्हा स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकणारा २१ वर्षांचा अझीम शिक्षण अर्धवट टाकून परत आला. पुढे आयबीएमने भारत सोडला, संगणकांच्या बाजारात पोकळी झाली आणि तुपा-साबणाच्या कमाईवर उभी असलेली ही कंपनी १९८० च्या सुमारास संगणकाकडे वळली. २००० साली तिची न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी झाली. हे सगळं तुम्हाला माहीत आहे.

पण या गोष्टीतला एक भाग आपल्या गावात कुणी रंगवून सांगत नाही. प्रेमजींच्या कारकिर्दीविषयी बोलताना ही आठवण नेहमी निघते: सूत्रं हाती घेतल्यावरच्या पहिल्याच वार्षिक सभेत एक भागधारक उठला आणि या कोवळ्या मुलाला तोंडावर म्हणाला की तुमचे शेअर विका, कारभार एखाद्या जाणत्या माणसाच्या हाती द्या, तुपाची कंपनी चालवणं तुमच्याच्याने होणार नाही. त्या भागधारकाचा अंदाज साफ चुकला हे जगाने पाहिलं. मला मात्र त्याचं मोठं कौतुक वाटतं. तो सभेला गेला होता आणि हिशेब वाचून गेला असणार. मालकाच्या मुलासमोर उभं राहून त्याने मनातलं बोलून दाखवलं. पुढची पन्नास वर्षं प्रेमजींनी जे केलं त्यात या उलट्या बोलाचाही वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं.

आज त्या भागधारकाच्या जागी आपण आहोत आणि आपण गप्प आहोत.

मी हा विषय काढला की एकच उत्तर येतं, बहुतेक वेळा अहिराणीत: "आमले काय समजस त्यामा?" आपल्याला त्यातलं काय कळतं, एवढ्या मोठ्या कंपनीला आपण काय सांगणार, तिथे शिकलेली माणसं बसली आहेत. ज्यांनी कापसाच्या व्यापाऱ्याचा काटा कधी आंधळेपणाने मान्य केला नाही, ती माणसं हे बोलतात तेव्हा मला वाईट वाटतं.

तर सीईओ म्हणजे काय ते आधी बघू. आपल्याकडच्या कॉलेजांतल्या समारंभात गूगलचे पिचाई आणि मायक्रोसॉफ्टचे नडेला यांची नावं देवासारखी घेतली जातात. साध्या घरातला मुलगा, परदेशी शिक्षण, शेवटी जगातल्या मोठ्या कंपनीची खुर्ची, अशी ती कथा असते आणि ती खोटी नाही. पण मुलांना पुढचं वाक्य कुणी सांगत नाही की ती खुर्ची कुणीतरी दिलेली असते आणि काढूनही घेता येते. सीईओला संचालक मंडळ नेमतं आणि तो व्यवस्थापकीय संचालकही असेल, जसा विप्रोत असतो, तर आपल्या कायद्याने त्या नेमणुकीला भागधारकांची मंजुरी लागते. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे व्यवस्थापकीय संचालकाची नेमणूक एका वेळी पाच वर्षांच्या वर करता येत नाही. त्याचा पगार कंपनीच्या निव्वळ नफ्याच्या पाच टक्क्यांच्या पलीकडे न्यायचा तर भागधारकांचा विशेष ठराव करावा लागतो. सीईओचा पगार कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे, तो आकडाही कंपनीला दरवर्षी अहवालात छापावा लागतो. मधला म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मध्यावर येणारा. हा नियम लहान भागधारकाला समजावं म्हणूनच केलेला आहे.

आता आपल्या कंपनीची खुर्ची बघा. २००५ मध्ये विवेक पॉल कंपनी सोडून गेले आणि प्रेमजींनी कारभार स्वतःकडे घेतला. २००८ मध्ये गिरीश परांजपे आणि सुरेश वासवानी अशा दोघांना मिळून सीईओ केलं. २०११ मध्ये ती व्यवस्था मोडून टी. के. कुरियन आले, २०१६ मध्ये आबिदअली नीमचवाला. २०१९ च्या जुलैअखेर प्रेमजी निवृत्त झाले आणि रिशद प्रेमजी अध्यक्ष झाले. २०२० मध्ये कॅपजेमिनी या फ्रेंच कंपनीतून थिएरी डेलापोर्त आले. ते पॅरिसहून काम बघत. पाच वर्षांची मुदत पुरी व्हायच्या आत, एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि श्रीनिवास पलिया आले. पलिया १९९२ पासून याच कंपनीत आहेत.

या यादीतल्या शेवटच्या दोघांपैकी एक पक्का बाहेरचा माणूस आहे आणि एक पक्का घरचा. कोण चांगला, हा निवाडा मी करत नाही. डेलापोर्त यांच्या काळात कॅपको ही कंपनी १.४५ अब्ज डॉलरला घेतली. कंपनीच्या इतिहासातली ती सगळ्यात मोठी खरेदी. ती फळली की नाही हे जाणकारांनी बोलावं. मला पगाराबद्दल बोलायचं आहे, कारण तो आपल्याला कळतो.

२०२२-२३ या वर्षात डेलापोर्त यांचं एकूण मानधन सुमारे ८२ कोटी रुपये होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत, प्रशिक्षण पुरं करून रुजू व्हायची वाट बघत बसलेल्या नव्या उमेदवारांना कंपनीने विचारलं की ठरलेल्या साडेसहा लाखांऐवजी वर्षाला साडेतीन लाखांवर येता का. याच्या बातम्या देशभर आल्या. त्याच वर्षी अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी स्वतःचं मानधन जवळपास निम्म्यावर आणलं, हेही खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पुढच्या वर्षी, म्हणजे जाताना, डेलापोर्त यांना मिळालेली एकूण रक्कम दोन कोटी डॉलरच्या घरात गेली. आपल्या रुपयांत दीडशे कोटींहून जास्त.

यात बेकायदा काहीही झालेलं नाही. सगळं नोटिशीत आणि अहवालात छापलेलं होतं. मोठ्या सीईओला जागतिक बाजारभावाने पैसे मोजावे लागतात, नाहीतर तो दुसरीकडे जातो, असं कंपन्या म्हणतात आणि त्यात तथ्य असेलही. पण अमळनेरच्या आजीने, जिचा नातू जळगावच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन अशाच एखाद्या साडेतीन लाखांच्या पत्राची वाट बघतो आहे, हा भाव कुणी आणि कसा ठरवला, एवढं तरी विचारायला नको का? त्या आजीच्या नावावर शेअर आहेत. सीईओचा पगार ज्या तिजोरीतून जातो तिच्यात तिचाही हिस्सा आहे.

इथे तुम्ही म्हणाल, प्रवर्तकांकडेच, म्हणजे प्रेमजी आणि त्यांच्या संस्थांकडेच, सुमारे ७३ टक्के शेअर आहेत, मग आपल्या मताने काय फरक पडणार? ठराव पाडण्यापुरता पाडता येणार नाही, हे मान्य. पण मतदानाचा निकाल कसा जाहीर होतो ते एकदा बघाच. शेअर बाजाराकडे जो तक्ता जातो त्यात तीन वेगळे रकाने असतात: प्रवर्तक, मोठ्या संस्था आणि उरलेले सर्वसामान्य भागधारक. प्रत्येकातल्या किती शेअरवर मत पडलं, किती बाजूने, किती विरुद्ध, हे वेगवेगळं लिहावं लागतं आणि तो तक्ता कुणालाही वाचता येतो. म्हणजे तुमचं मत प्रवर्तकांच्या ढिगाखाली गाडलं जात नाही. ते तुमच्या रकान्यात उघड दिसतं. संचालक मंडळ तो रकाना वाचतं, बाजार वाचतो, वर्तमानपत्रंही वाचतात.

हातात बहुमत नसतानाही कंपनीला जाब विचारता येतो, याचं उदाहरण शेजारच्या कंपनीतलंच आहे. एप्रिल २०१७ मध्ये नारायण मूर्तींनी इन्फोसिसच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पगारवाढीवर जाहीर आक्षेप घेतला. खालच्या माणसाला सहा ते आठ टक्के वाढ मिळत असताना वरच्याला एवढी वाढ कशी, असा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा सगळ्या संस्थापक कुटुंबांचा मिळून वाटा तेरा टक्क्यांच्या आसपास होता. पुढे ऑगस्टमध्ये सीईओ विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला आणि मंडळाने त्याचा दोष मूर्तींवर ठेवला. त्या भांडणात कोणाचं बरोबर होतं यावर आजही दोन मतं आहेत. पण वरच्या आणि खालच्या पगारातलं अंतर ही उघड चर्चेची गोष्ट आहे, हे तेव्हापासून कुणाला नाकारता आलेलं नाही.

आता ट्रंकेतल्या कागदांकडे येतो, कारण मतापर्यंत जायची वाट तिथून जाते.

शेअरचा जुना कागद हातात घ्या. घड्यांवर तो विरलेला असतो. वर कंपनीचं जुनं नाव, खाली शिक्का, मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी. धारकाच्या जागी आजोबांचं नाव, कधी आजीचं, आणि आजीची सही अशी की तिने ती आयुष्यात दोन-चारदाच केली असावी. आजी गेली. आडनावाचं स्पेलिंग तिन्ही कागदांवर तीन तऱ्हेचं. मुलगे दोन, मुली तीन, एक मुलगी सुरतेला दिलेली. मृत्यूचा दाखला आहे, पण वारसदाखला कुणी काढलेला नाही. सात वर्षं लाभांश कुणी उचलला नाही तर ती रक्कम सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जाते, आणि लागोपाठ सात वर्षं असं झालं तर लाभांशामागोमाग ते शेअरही तिकडे वर्ग होतात. ते परत मिळतात. आयईपीएफ-५ नावाचा अर्ज भरावा लागतो, कागदपत्रं कंपनीकडे पाठवावी लागतात, वेळ लागतो, पण मिळतात. मात्र परत मिळेपर्यंत त्या शेअरचा मताधिकार गोठलेला असतो. आपल्या गावच्या किती शेअरचा आवाज असा बंद पडून आहे याचा विचार केला की जीव तुटतो.

या कागदांची किंमत काय, याचा एक हिशेब मांडून दाखवतो. १९९७ च्या बोनसच्या आधीचा दहा रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर घ्या. १९९७ मध्ये एकाला दोन बोनस, म्हणजे फुकट मिळालेले जादा शेअर, झाले तीन. १९९९ मध्ये दहाच्या शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच भाग, झाले पंधरा. २००४ मध्ये पुन्हा एकाला दोन, पंचेचाळीस. २००५ मध्ये एकाला एक, नव्वद. २०१० मध्ये तिनाला दोन, दीडशे. २०१७ मध्ये एकाला एक, तीनशे. २०१९ मध्ये तिनाला एक, चारशे. २०२४ मध्ये एकाला एक, आठशे. म्हणजे आजीचे दहा शेअर असतील आणि कुणी विकले नसतील, तर आज ते आठ हजार आहेत. १९९७ च्या आधीचे बोनस मी यात धरलेलेच नाहीत.

म्हणून एक गोष्ट ठणकावून सांगतो, कुणाला राग आला तरी चालेल. शेअरची ही किंमत बहिणीला न सांगता तिच्याकडून हक्कसोडीवर सही घेऊ नका. शेतीच्या बाबतीत जे चालतं ते इथे चालवू नका. ती मुलगी तेवढीच भागधारक आहे, आणि तिचं मत तिचं आहे. प्रत्यक्ष करायचं काम फार अवघड नाही. पॅन आणि बँक खात्याची नोंद अद्ययावत करण्यासाठी आयएसआर-१, सही जुळत नसेल तर बँकेकडून आयएसआर-२, आणि नॉमिनी नेमण्यासाठी एसएच-१३, हे तीन अर्ज. त्यानंतर डीमॅट, म्हणजे कागदी शेअर इलेक्ट्रॉनिक खात्यात नेणं. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतर बंद झालेलं आहे आणि एप्रिल २०२४ पासून पॅन-बँक खात्याच्या नोंदी पुऱ्या नसलेल्या कागदी शेअरचा लाभांशही रोखून धरला जातो. कागद सांभाळून ठेवणं ही आपल्या वडिलांची हुशारी होती. आज तेवढ्याने भागत नाही.

सीईओचं काम कंपनीच्या दारात संपत नाही, म्हणूनही हा आग्रह धरतो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी अझीम प्रेमजींना पत्र लिहून विनंती केली की बंगळुरूच्या बाहेरच्या रिंगरोडवरची गर्दी कमी व्हावी म्हणून विप्रोच्या सर्जापूरच्या आवारातून काही वाहनं जाऊ द्या. निवृत्त झालेल्या एका उद्योजकाला एका राज्याचा मुख्यमंत्री रस्त्यासाठी पत्र लिहितो, यावरून या माणसांचं सार्वजनिक वजन किती आहे ते कळतं. प्रेमजींनी नम्रपणे नकार दिला. ही शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीची खासगी जागा आहे, सार्वजनिक वाहतुकीसाठी नाही, त्यात कायद्याच्या आणि कारभाराच्या अडचणी आहेत, असं कळवलं. वाहतुकीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून घ्या, त्याच्या खर्चाचा मोठा वाटा आम्ही उचलू, असंही लिहिलं. उत्तर पटो वा न पटो, पण त्यातला आधार बघा. नोंदलेली कंपनी म्हणजे अनेकांच्या मालकीची कंपनी. बंगळुरूच्या त्या आवारावर बोलताना मालक म्हणून जे उभे राहतात त्यांत अमळनेरचे तुम्हीही आहात. तुमच्या नावाने एवढा मोठा निर्णय घेतला जात असेल, तर तुमच्या मनात काय आहे तेही कुणाला तरी कळायला हवं.

हे सीईओ बोलतात तेव्हा सरकार ऐकतं. किती तास काम करावं, घरून करावं की ऑफिसातून, दुसरीकडे जोडकाम केलं तर कामावरून काढावं का, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे किती जणांची गरज उरेल, या प्रश्नांवर दोन लाखांहून जास्त माणसं कामाला ठेवणाऱ्या कंपनीचा शब्द धोरणाइतका जड असतो. धुळे, नंदुरबार, जळगावातून पुण्याला गेलेली हजारो मुलं त्या शब्दाखाली राहतात. हिंजवडीत दोन खोल्यांत सहा जण राहणारी ही मुलं सीईओला काही विचारू शकत नाहीत, कारण नोकरीची भीती असते. भागधारकाला ती भीती नाही. खान्देशात असे भयमुक्त लोक फार कमी आहेत आणि त्यातले बरेचसे आपल्या गावात राहतात.

प्रेमजींच्या साधेपणाच्या गोष्टी आपण फार सांगतो, विमानात स्वस्त तिकीट, जुनी गाडी. मला त्या गोष्टी तितक्या मोठ्या वाटत नाहीत. मार्च २०१९ मध्ये त्यांनी विप्रोतल्या आणखी ३४ टक्के शेअरचं उत्पन्न लोककार्यासाठी कायमचं तोडून दिलं. तेव्हाच्या भावाने ते ५२,७५० कोटींचं होतं. आधीचं धरून कंपनीतला सुमारे ६७ टक्के आर्थिक वाटा आज त्यांच्या फाउंडेशनच्या कामासाठी आहे. म्हणजे सीईओ कंपनी चांगली चालवतो की वाईट, याचा परिणाम कर्नाटक, राजस्थान, उत्तराखंड, छत्तीसगडमधल्या सरकारी शाळांतल्या मुलांपर्यंत जातो. एवढी मोठी गोष्ट ज्या लाभांशातून होते, त्याच लाभांशाचा एक तुकडा तुमच्या खात्यात येतो. तुम्हीही दान करा असं मी म्हणत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण ज्या व्यवस्थेवर इतक्या मुलांचं शिक्षण अवलंबून आहे, तिच्यावर लक्ष ठेवायची संधी कायद्याने तुम्हाला दिली आहे. ती वाया घालवू नका.

एक खुलासा करतो, कारण बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. अमळनेरचा कारखाना आता तुमच्या हातातल्या शेअरच्या कंपनीत नाही. २०१३ मध्ये साबण वगैरे ग्राहक वस्तूंचा धंदा वेगळा काढून विप्रो एंटरप्रायझेसमध्ये गेला आणि ती कंपनी बाजारात नोंदलेली नाही. तेव्हा काहींनी तिचे शेअर घेतले, काहींनी दुसरा पर्याय निवडला. कारखान्याच्या कामगारांबद्दल, धुराबद्दल, पाण्याबद्दलचे प्रश्न तिथे विचारायचे. विप्रो लिमिटेडच्या सीईओला विचारायचं ते सॉफ्टवेअरच्या धंद्याबद्दल.

आणि काय विचारायचं, तेही लिहितो. तुमचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे आणि गेल्या पाच वर्षांत ही पट वाढली की घटली. नव्या मुलांना दिलेलं नेमणुकीचं पत्र किती दिवसांत पाळलं जातं. सुरुवातीचा पगार किती वर्षांपासून तिथल्या तिथेच आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता येते आहे म्हणताना हातातल्या माणसांना नव्याने शिकवण्यावर किती खर्च केला. सामाजिक जबाबदारीचा कायदेशीर दोन टक्के निधी ठरवताना स्थानिक भागाला प्राधान्य द्या असं कायदा सांगतो, तर जिथे कंपनी जन्मली तो भाग त्या विचारात कुठे बसतो. हे प्रश्न मराठीत विचारले तरी चालतात, कंपनीकडे भाषांतर करणारी माणसं आहेत.

भाषेवरून एक मागणी मला तुमच्या सगळ्यांच्या सहीने कंपनीकडे पाठवायची आहे. सभेच्या नोटिशीची जाहिरात एका इंग्रजी वर्तमानपत्रात आणि नोंदणीकृत कार्यालयाच्या जिल्ह्यातल्या भाषेच्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. कार्यालय बंगळुरूत, म्हणून ती कन्नडमध्ये येते. नियमात ते बरोबरच आहे. पण ज्या गावाने या कंपनीला सुरुवातीचे भागधारक दिले, तिथल्या वयस्कर माणसांना ठरावांचा चार पानी मराठी सारांश दिल्याने कंपनीचं काही अडणार नाही. नकार आला तर तो सारांश आपण इथे करू. वाणिज्य शाखेची मुलं आणि त्यांचे शिक्षक मदत करतील, मीही करेन.

मतदान मोबाइलवर होतं. नोटिशीत लॉगिनची माहिती असते, कागदी शेअर असलेल्यांनाही ते करता येतं. निदान तीन दिवस खिडकी उघडी असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते. सभा आता पडद्यावर होते, बंगळुरूला जायला नको. बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं, त्याची मुदतही नोटिशीतच असते. ज्यांच्या घरी ईमेल पोचत नाही त्यांनी पॅन कार्ड, शेअरचा कागद किंवा डीमॅटचं स्टेटमेंट आणि बँकेचा रद्द केलेला धनादेश घेऊन मे महिन्यातच माझ्याकडे यावं, म्हणजे नोटीस निघायच्या आत नोंद होईल. अर्ज भरून द्यायचे पैसे मी या कामासाठी घेणार नाही. मत कुणाला द्यायचं ते मात्र मी सांगणार नाही, कुणी विचारूही नये.

आपला नम्र,
अमळनेरचा एक भागधारक